इंजिन कधी तापते, यावरून दोष कसा ओळखावा

उन्हाळ्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या हमखास दिसतात, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी द्वारका चौकाच्या कोंडीतही एखादी गाडी वाफ सोडत कडेला उभी असते. दोन्ही चालकांची तक्रार एकच असते, की गाडी गरम झाली. परंतु दोन्ही गाड्यांतील बिघाड बहुतेक वेळा निराळा असतो. माझी गाडी अनेक वर्षे ज्यांच्याकडे दुरुस्तीला जात असे ते वयस्क मिस्त्री बॉनेटला हात लावण्यापूर्वी विचारत, "भाऊ, गाडी कुठे तापली ते आधी सांगा. चढाला, का उभ्या-उभ्या?" त्या प्रश्नाचे महत्त्व मला फार उशिरा कळले. तापणाऱ्या इंजिनाची तपासणी घरी करायची असेल, तर पाना हातात घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण त्या उत्तराने निम्मे भाग संशयातून आपोआप वगळले जातात आणि नको ते सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

येथे जे सांगितले आहे ते कूलंटने, म्हणजे आत फिरणाऱ्या शीतक द्रवाने, थंड राहणाऱ्या इंजिनांविषयी आहे, म्हणजे मोटारी, जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर यांविषयी. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत रेडिएटरपर्यंत वाहून न्यावा लागतो. त्यासाठी कूलंट पुरेसे असावे लागते, ते फिरत राहावे लागते, त्यावर दाब टिकावा लागतो आणि रेडिएटरच्या जाळीतून वारा जावा लागतो. गाडी कितीही नवी असो, या चारपैकी काहीतरी बिनसल्याखेरीज इंजिन सहसा तापत नाही.

काटा वर जाऊ लागला त्या क्षणी

तपासणी घरी करायची असली, तरी इंजिन घरापर्यंत धडधाकट पोहोचले पाहिजे. काटा मध्याच्या वर सरकू लागताच एसी बंद करावा, आणि हीटर पूर्ण गरम बाजूला फिरवून त्याचा पंखा पूर्ण वेगाने सोडावा. मे महिन्यात हे करणे जिवावर येते हे खरे. पण हीटर म्हणजे गाडीच्या आत बसवलेला लहानसा रेडिएटरच असल्याने इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. एवढे करूनही काटा लाल पट्ट्याला टेकला, किंवा काटा नसलेल्या छोट्या गाड्यांत तापमानाचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे.

एक खूण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर गेलेला काटा काही कारण नसताना एकाएकी खाली आला, तर गाडी थंड झाली असे समजू नये. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, आणि कूलंटची पातळी त्याच्याही खाली गेली की तो योग्य तापमान दाखवू शकत नाही. अशा वेळी इंजिन जवळजवळ कोरडे चाललेले असते.

माझ्या हातून झालेली चूक येथे सांगतो, कारण ती अनेकांच्या हातून होताना मी पाहिली आहे. कल्याणहून कुटुंबासह परतताना घाट अर्धा चढून झाल्यावर काटा वर गेला, आणि इगतपुरी आता जवळच आहे, तेथे सावलीत थांबू, असे म्हणून मी गाडी रेटली. ज्या घाटात चढ सदतिसास एक असल्याने रेल्वेलासुद्धा मागून जादा इंजिने जोडावी लागतात, त्या डोंगरावर चढताना तापलेल्या इंजिनाकडून आणखी काही किलोमीटर मागणे ही मोठी चूक होती. इगतपुरीला पोहोचेपर्यंत हेड गॅस्केट उडाले होते. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात अतिउष्णतेने हेड वाकते आणि मधले गॅस्केट दाब धरत नाही. हेड काढून फेसिंग, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग पुन्हा सपाट, करून घ्यावे लागले, आणि मूळ दोष शोधला तेव्हा रेडिएटरच्या झाकणातील रबर कडक होऊन तडकलेले निघाले. बदलायला शंभर रुपयेही लागले नसते.

गाडी थांबवल्यावर बॉनेट उघडावे, परंतु वाफ बाहेर येत असेल तर ती ओसरेपर्यंत तेही उघडू नये. रेडिएटरच्या झाकणाला मात्र निदान पाऊण तास हात लावू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते, पण १.१ बार दाबाच्या झाकणाखाली तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे कूलंट मिसळलेले असेल तर आणखी काही अंश वर जाते. असे पाणी झाकण सैल होताच क्षणार्धात उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर बाहेरून थंड पाणी ओतण्याची सवयही सोडली पाहिजे, कारण त्याने धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरला इंजिनाशी जोडणारा वरचा रबरी नळ, म्हणजे होज पाइप, हाताला सोसेल इतका निवला, की जाड फडके झाकणावर धरून ते पहिल्या अडीपर्यंतच फिरवावे, फुसफुस थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच पूर्ण काढावे. रस्त्यात दुसरे काही नसेल तर पिण्याचे बाटलीतले पाणी थोडे थोडे ओतून गाडी घरी आणता येते, परंतु ते पाणी नंतर काढून टाकायचे आहे हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना

ही तपासणी सकाळीच करावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी जे सांगते ते गरम गाडी सांगत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना विटा लावाव्यात आणि लहान मुलांना तेथून दूर ठेवावे. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातले उपरणे यांसह चालू इंजिनाजवळ वाकू नये. विजेवर चालणारा पंखा किल्ली बंद असतानाही अनेक गाड्यांत अचानक सुरू होतो, म्हणून पंख्याजवळ हात घालायचा असेल तेव्हा बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी सोडवावे.

प्रथम कूलंटच्या बाटलीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते पाहावे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा अशी स्थिती मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. झाकण खराब असले की गरम होताना बाटलीत गेलेले कूलंट थंड झाल्यावर परत ओढले जात नाही. म्हणून ज्या गाडीत रेडिएटरला स्वतंत्र झाकण आहे तेथे ते काढून आत काठोकाठ कूलंट आहे याची खात्री करावी. झाकण हातात असतानाच त्याच्या खालचे रबर दाबून पाहावे, आणि मध्यभागी असलेला लहान व्हॉल्व्ह नखाने ओढला असता मोकळेपणी उघडून परत बसतो का ते पाहावे. हा लहान व्हॉल्व्ह चिकटला असेल तर इंजिन थंड झाल्यावर वरचा होज पाइप आतल्या पोकळीमुळे चपटा झालेला आढळतो. झाकण बदलताना त्यावर छापलेला दाब जुन्याइतकाच घ्यावा. जास्त दाबाचे झाकण अधिक चांगले असेल, या समजुतीने जुनी होज किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटल्याची उदाहरणे आहेत.

कूलंटचा रंग काहीही असो, ते स्वच्छ आणि पारदर्शक असावे. तांबूस गढूळ पाणी म्हणजे आत गंज धरला आहे. वर तेलाचा तवंग असेल, किंवा तेल टाकायच्या बुचाच्या आत आणि डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवर, दुधाच्या चहासारखा फिकट चिकट थर असेल, तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत आहेत, आणि अशी गाडी सुरू न करता टो करून गॅरेजमध्ये न्यावी. फक्त बुचाच्या आत थोडासा पांढरा थर असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हिवाळ्यात आणि पावसाळ्यात तसा थर बाष्पामुळेही धरतो.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला असेल तर थेंब कुठे पडले ते सकाळी स्पष्ट कळते. एसीचे पाणी रंगहीन असते. कूलंट रंगीत, बोटांना किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. होजच्या टोकांशी, क्लिपांखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यावर आणि वॉटर पंपाखाली पांढरट किंवा रंगीत वाळलेले ओघळ शोधावेत. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते, आणि आतले सील झिजले की कूलंट तेथून झिरपू लागते. ते भोक एम-सीलने बुजवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जाते. पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, त्याहून फार सैल असेल किंवा त्यावर चिरा आणि चकाकी असेल तर तो घसरत आहे. ज्या गाड्यांत पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची पुली असते तेथे ही चाचणी लागू पडत नाही, फक्त चिरा पाहाव्यात.

उभ्या-उभ्या तापणारी गाडी

द्वारका किंवा मुंबई नाका येथील सिग्नलवर काटा वर जातो आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की खाली येतो, असे घडत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. चालत्या गाडीत वारा समोरून आपोआप येतो. उभ्या गाडीत तो फक्त पंखा ओढतो. कूलंट पुरेसे असून असे होत असेल तर रेडिएटर आणि पंप यांकडे नंतर पाहिले तरी चालते.

इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक मोटारींत थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. तो फिरला, पण एसी बंद ठेवून इंजिन वीस मिनिटे जागेवर चालवल्यावर काटा मध्य ओलांडूनही पंखा लागला नाही, तर पंखा चांगला आहे आणि त्याला आज्ञा देणारा सेन्सर किंवा त्याची तार दोषी आहे. एसी लावूनही तो फिरलाच नाही तर फ्यूज पाहावा, नंतर रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा लहान विद्युत स्विच. बॉनेटखालच्या पेटीच्या झाकणावर कोणती रिले कशाची हे चित्राने दिलेले असते, आणि तेथे तंतोतंत त्याच क्रमांकाची दुसरी रिले असेल, उदाहरणार्थ हॉर्नची, तर दोन्हींची अदलाबदल करून दोष रिलेत आहे का हे दोन मिनिटांत कळते. रिलेही ठीक असेल तर पंख्याच्या मोटारीचा प्लग काढून तिला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड तारेने थेट वीज द्यावी. त्यानेही ती फिरली नाही, किंवा कुरकुरत हळू फिरली, तर मोटार झिजली आहे. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपियरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही बसवू नये. फ्यूज वारंवार जळतो याचा अर्थ मोटार अडकते आहे किंवा तार कुठे तरी घासते आहे.

पंखा फिरतो आहे तरी गाडी उभ्याने तापते, अशा वेळी समोरच्या जाळीपुढे कागद धरून पाहावा. पंखा इंजिनाच्या बाजूने हवा ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. दुरुस्तीच्या वेळी मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरून वारा पुढे ढकलतो. बघणाऱ्याला पंखा सुरू दिसतो आणि दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले किंवा काढून टाकले असेल तरीही वारा जाळीतून न जाता कडेने फिरत राहतो.

जुन्या जीपगाड्या, अनेक पिकअप आणि ट्रॅक्टर यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो, आणि काहींत मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद करून, किल्ली काढून, गरम अवस्थेत हा पंखा हाताने फिरवला असता त्याने चांगला विरोध केला पाहिजे. बोटाच्या टिचकीने तो गरगर फिरला, किंवा क्लचच्या पुढच्या बाजूला तेलकट ओघळ दिसले, तर क्लच निकामी झाला आहे.

चढाला किंवा वेगात तापणारी गाडी

गावात गाडी बरोबर चालते, परंतु कसारा घाटात, संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाटात किंवा समृद्धी महामार्गावर सलग वेगात चालवल्यावर काटा वर जातो, असे असेल तर उष्णता निर्माण होण्याचा वेग रेडिएटरच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला आहे. पंख्याचा येथे फारसा संबंध नसतो. रेडिएटर बाहेरून तुंबला आहे, आतून तुंबला आहे किंवा कूलंट पुरेशा वेगाने फिरत नाही, याच क्रमाने शोध घ्यावा, कारण पहिली दुरुस्ती फुकट आहे, दुसरीला थोडे पैसे लागतात आणि तिसरीला पंप उघडावा लागतो.

बाहेरून तुंबणे आपल्या जिल्ह्यात फार होते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांत कांदा उतरवताना उडणारी सालपटे, द्राक्षबागांमधल्या कच्च्या रस्त्यांची बारीक माती, पावसाळ्याच्या तोंडावर रात्री दिव्यांवर झेपावणारे पंखवाले किडे, हे सारे त्या जाळीत अडकते. मोटारीत समोरून दिसते ती जाळी एसीच्या कंडेन्सरची असते आणि रेडिएटर तिच्या मागे असतो. त्यामुळे समोरची बाजू स्वच्छ दिसली तरी दोन्हींच्या मधल्या फटीत चिखल आणि कचऱ्याचा थर साचलेला असू शकतो. इंजिन थंड असताना बागेच्या नळीने साध्या दाबाचे पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला सोडावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. सर्व्हिसिंगच्या केंद्रावरील जोराचा फवारा जवळून मारू नये, त्याने पत्र्याच्या नाजूक पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. बॅटरी, अल्टरनेटर आणि तारांच्या जोडांवर प्लास्टिक झाकून घ्यावे. जाळीपुढे हौसेने लावलेले जादा दिवे, गार्ड किंवा जाहिरातीचा फलक असेल तर तो काढून एकदा घाट चढून पाहावा. काहींचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो.

आतून तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा बोअरवेलचे पाणी असते, आणि याबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. अंघोळीच्या बंबात आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कठीण थर धरतो तोच थर इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत धरतो, आणि तो उष्णता नीट जाऊ देत नाही. मखमलाबादकडील आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या पिकअपचा रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या बाजूच्या नळ्या खडूच्या कांड्यांसारख्या भरलेल्या होत्या. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना गाडी पाच दिवस उभी राहिली. गंगापूर धरणाचे नळाला येणारे पाणी त्या मानाने बरे असले तरी तेही रेडिएटरमध्ये नेहमी वापरण्यासाठी योग्य नाही. दुकानात ज्याला बॅटरीचे पाणी म्हणतात ते डिस्टिल्ड पाणीच घ्यावे, आणि घेताना ते ॲसिड नाही याची खात्री करून घ्यावी.

आतला थर ओळखण्याची घरगुती पद्धत अशी, की गाडी पूर्ण गरम झाल्यावर इंजिन बंद करून, पंख्यापासून हात सांभाळून, रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळ तळहात फिरवावा. उष्णता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने कमी होत गेली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तेथील नळ्या बंद आहेत. तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर हेच काम अधिक सुरक्षितपणे होते. असा रेडिएटर रसायनाने धुऊन काही वेळा मोकळा होतो, पण प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर फार तुंबला असेल तर तो बदलणेच शहाणपणाचे ठरते.

रेडिएटर आतबाहेर मोकळा असूनही चढाला गाडी तापत असेल तर पंपाची पाती गंजून झिजली आहेत का, हे गॅरेजमध्ये पाहावे लागेल. त्याआधी एक सोपी गोष्ट करावी: वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक जास्त तापलेले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही आणि इंजिन सतत ब्रेकविरुद्ध ओढत आहे. गाडीचा (पंख्याचा नव्हे) घसरणारा क्लच आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल यांनीही हेच होते.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापणारी गाडी

थंड इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटांत काटा वर जात असेल, वरचा होज पाइप चटका देणारा गरम आणि खालचा मात्र गार असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. हा लहानसा व्हॉल्व्ह कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर, साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, रेडिएटरकडची वाट उघडतो. त्यावर त्याचा आकडा कोरलेला असतो. तो काढून, स्वयंपाकात पुन्हा वापरायचे नाही अशा जुन्या पातेल्यात पाणी घेऊन, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लोंबकळत ठेवावा आणि पाण्यात थर्मामीटर धरून गॅस लावावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. पूर्ण उघडण्यासाठी आणखी दहा-पंधरा अंश लागतात. नाशिकला पाणी ९८ अंशांनाच उकळत असल्याने ८८ अंशांचा थर्मोस्टॅट पातेल्यात पुरता उघडलेला दिसला नाही तरी तो खराब आहे असे मानू नये. उघडायला वेळेवर सुरुवात होते का आणि पाणी निवल्यावर तो घट्ट मिटतो का, एवढेच पाहावे.

आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, तो काढून टाका, असा सल्ला अनेक गॅरेजांत अजूनही दिला जातो. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन लवकर गरम होत नाही, त्यामुळे इंधन जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

नुकतेच कूलंट बदलले असेल आणि त्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल, तर आत हवा अडकली असण्याचा संभव अधिक. ती कशी काढावी ते पुढे दिले आहे.

कूलंट कमी होते, पण थेंब कुठेच दिसत नाही

दर आठवड्याला पाणी घालावे लागते आणि पुठ्ठा मात्र कोरडाच राहतो, ही स्थिती सर्वांत गांभीर्याने घ्यावी. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. तो ओला असेल, आत गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर हीटरचा लहान रेडिएटर गळतो आहे. तसे नसेल तर हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून, कूलंट काठोकाठ करून, दुसऱ्या व्यक्तीला इंजिन सुरू करायला सांगावे आणि चेहरा दूर ठेवून पाहावे. पहिल्या मिनिटापासून बुडबुड्यांची एकसारखी माळ येत असेल, किंवा सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात, कूलंट गरम होण्यापूर्वीच, वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. गरम झाल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे ही त्याचीच दुसरी खूण आहे. खात्रीसाठी गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. पेट्रोल गाडीत वायू गळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, फुटूनही कूलंट असेच नाहीसे होते, म्हणून हेड उघडण्याआधी त्याचीही तपासणी करण्याचा आग्रह धरावा. गळती थांबवणाऱ्या पुड्या आणि बाटल्या रेडिएटरमध्ये ओतणे मला मान्य नाही. त्या गळतीबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या चांगल्या नळ्याही बुजवतात.

नवे कूलंट भरणे आणि हवा काढणे

कूलंटचा प्रकार रंगावरून ठरवू नये. वेगवेगळ्या कंपन्या एकाच रंगाची निराळी द्रव्ये विकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचे नसते; संहत द्रव असेल तर तो डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून नुसते पाणी चालेल, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की कूलंट उकळण्याचा बिंदू वाढवते आणि मुख्य म्हणजे गंज रोखते.

थंड इंजिनातून जुने कूलंट पसरट भांड्यात काढावे, डिस्टिल्ड पाण्याने एकदा-दोनदा धुऊन घ्यावे आणि नवे कूलंट अगदी सावकाश ओतावे. गाडीचे पुढचे तोंड किंचित चढावर असावे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटजवळ हवा काढण्याचा लहान स्क्रू असतो. असल्यास तो सैल करून अखंड धार येईपर्यंत थांबावे. नंतर हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवून, झाकण काढलेल्या अवस्थेत इंजिन जागेवर चालवावे आणि वरचा होज हाताने अधूनमधून दाबत राहावे. बुडबुडे थांबले, खालचा होज गरम झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली, की पातळी पूर्ण करून झाकण लावावे.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही दगावतात. गटारातून ते नासर्डीत आणि तेथून गोदावरीत जाते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि टाकाऊ तेल व कूलंट गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्यावे.

दुरुस्तीची परीक्षा ज्या स्थितीत गाडी तापत होती त्याच स्थितीत घ्यावी. उभ्याने तापणारी गाडी दुपारी मोकळ्या अंगणात एसी लावून अर्धा तास चालू ठेवावी. चढाला तापणारी गाडी आधी रिकामी आणि मग नेहमीच्या भारासह नांदुरीहून सप्तशृंगगडावर नेऊन पाहावी. कसारा घाटाच्या मानाने तेथे वाहतूक कमी असते आणि काटा चढलाच तर थांबायला जागा मिळते. सोबत पाच लिटर डिस्टिल्ड पाणी, जाड फडके आणि हातमोजे असू द्यावेत. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. अडकलेली हवा पहिल्या फेरीत निघून गेल्यामुळे ती थोडी उतरलेली असते. तेवढी भर घातल्यावर पुढचे आठ दिवस बाटलीवर पेनाने केलेली खूण हलली नाही, तर जुना पुठ्ठा गाडीखालून काढून ठेवायला हरकत नाही.